आघातोत्तर ताण, मराठवाड्यातील
जीवघेण्या प्रसंगानंतर महिनोन्‌महिने टिकणारा मनोविकार : तो प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर उभा राहणे, दचकणे, झोप उडणे. मराठवाड्यातील लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. गणपती विसर्जन करून निजलेल्या माणसांवर दगडमातीच्या भिंती आणि जड माळवदे कोसळली. वाचलेल्यांच्या १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत निम्म्याहून अधिकांत मनोविकार आढळले. त्यांत आघातोत्तर ताण व नैराश्य प्रमुख. स्त्रियांना आणि घरदार गमावलेल्यांना झळ जास्त. अशा माणसाला छताखाली निजायची धास्ती वाटते. त्याला भित्रा म्हणणे अन्यायाचे आहे. नैराश्य मात्र भूकंपग्रस्तांपुरते नाही : बीडसह १४ जिल्ह्यांत २०१५ पासून राज्य शासनाच्या प्रेरणा प्रकल्पातून आशा कार्यकर्त्या शेतकरी कुटुंबांत घरोघरी जाऊन त्याची लक्षणे विचारू लागल्या.