पोटाचे माप कोणी घेतले?

१९७२ च्या दुष्काळात माझी आजी खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळे. ती तिथेच खावी, म्हणजे काम करणाऱ्याच्याच अंगी लागेल, असा साहेबलोकांचा हिशोब. आजी अर्धी खाई आणि अर्धी पदरात बांधून घरी आणी. घरी पाच वर्षांचा माझा बाप होता. कागदावर एका बाईचे पोट भरले, प्रत्यक्षात दोन पोटे अर्धी राहिली. कुपोषण म्हणजे अडाणी आयांना पोषक आहार कळत नाही, असे व्याख्यान कोणी झोडू लागला की मला ती पदराची गाठ आठवते. आजीला सगळे कळत होते. पोटाला किती लागते हे ठरवण्याचा अधिकार तेवढा तिच्याकडे नव्हता.

हा अधिकार कोणाकडे होता, याचा इतिहास तपासला पाहिजे. १८७६-७८ च्या दुष्काळात लॉर्ड लिटनने रिचर्ड टेंपल यांना मद्रास व मुंबई इलाख्यात खर्चाला आळा घालायला पाठवले. याच टेंपलने १८७४ मध्ये बिहारात बाहेरून तांदूळ आणून माणसे जगवली होती आणि त्याबद्दल उधळपट्टीचा ठपका घेतला होता. तो ठपका त्यांना आता धुऊन काढायचा होता. १८७७ च्या जानेवारीत त्यांनी दुष्काळी कामावरील पुरुषाची मजुरी ठरवली : एक पौंड धान्य आणि वर एक आणा. एक पौंड म्हणजे सुमारे सोळाशे उष्मांक. तेवढ्यावर दिवसभर माती उपसायची! मद्रासचे आरोग्य अधिकारी कॉर्निश यांनी दाखवून दिले की तुरुंगातल्या कैद्यालाही यापेक्षा जास्त मिळते. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. याच वर्षी सत्यशोधक समाजाने धनकवडीला दुष्काळी मुलांसाठी बालाश्रम उघडला. उपाशी माणसांचा हा संप आपल्या पाठ्यपुस्तकांत मला तरी कधी भेटला नाही.

शंभर वर्षांत साहेब गेले, माप राहिले. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी माणशी रोज २२५० उष्मांक ही कसोटी धरून देशातले दारिद्र्य मोजले. त्यावर पां. वा. सुखात्मे यांनी आक्षेप घेतला : एकाच माणसाची गरज रोज बदलते, शरीर स्वतःला सावरून घेते, म्हणून सरासरीखालच्या प्रत्येकाला उपाशी म्हणू नये. संख्याशास्त्र म्हणून हा वाद मोठा आहे, आणि सुखात्मे सातारा जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले, भूक न पाहिलेले गृहस्थ नव्हेत. पण कमी अन्नावर सावरलेल्या शरीराला ‘निरोगी’ म्हणायचे, तर पिढ्यानपिढ्या बलुत्याच्या शिळ्या तुकड्यांवर काढलेल्या वस्तीइतकी निरोगी वस्ती दुसरी सापडायची नाही!

सुखात्म्यांचा दुसरा मुद्दा मात्र मला सोडता येत नाही. ते सांगत की पाणी घाण असेल तर खाल्लेले अंगी लागत नाही. पोराला महिन्यातून दोनदा हगवण लागली तर भाकरी वाढवून भागत नाही. आता हे आपल्या इतिहासाशेजारी ठेवून पाहा. गावची विहीर कोणासाठी बंद होती? वस्ती गावाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या उतारावर होती? २० मार्च १९२७ ला महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ते माणुसकीच्या हक्कासाठी होतेच, पण आहारशास्त्राच्या अंगानेही ते पान वाचले पाहिजे. त्याच परिषदेत मेलेल्या ढोरांचे मांस आणि शिळे तुकडे सोडण्याचे आवाहन झाले. सोडले; पण त्या जागी ताटात काय यायचे? त्यासाठी जमीन हवी होती. म्हणूनच दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. त्यांना कुपोषणविरोधी चळवळ असे कोणी म्हटले नाही, एवढेच.

१९७२ च्या दुष्काळाने एक मोठी गोष्ट दिली. १९७७ च्या रोजगार हमी कायद्याने काम मागण्याचा हक्क मान्य केला, आणि तो महाराष्ट्रातल्या श्रमिकांनी झगडून मिळवलेला होता. पण मजुरी ठरली खोदलेल्या मातीच्या मापावर. ज्याचे अंग उपासाने खंगले त्याची खोदाई कमी, म्हणून मजुरी कमी, म्हणून ताट कमी. पोटुशी बाई, अंगावर पिणारे पोर असलेली बाई या मापात मागे पडणारच.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत २०१९-२१ मध्ये महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची शेकडा ३५ मुले वयाच्या मानाने खुरटलेली आढळली. ही मुले अंगणवाडीत तोलली जातात, त्यांच्या नोंदी होतात, खिचडी मिळते. खिचडी हवीच, तीत डाळ आणि अंडेही हवे. पण त्यांच्या आईची मजुरी मातीच्या ब्रासावर न ठरता दिवसावर ठरावी, बाळंतपणाच्या महिन्यांत ती घरबसल्या मिळावी, आणि वस्तीतला नळ गावातल्या नळाइतकाच वेळ चालावा, या मागण्या पोषण आहाराच्या बैठकीत मांडल्या की अधिकारी म्हणतात, हा आमच्या खात्याचा विषय नाही.