लाव्होच्या द्राक्षमळ्यांविषयीचा लोककौल

लोकांस काय हवे आहे हे जाणण्यासाठी सामान्यतः पाहणीचा आश्रय केला जातो; परंतु पाहणीतील उत्तराचे मोल उत्तर देणारास द्यावे लागत नाही. मतपेटीतील कौलाचे तसे नाही. या दृष्टीने स्वित्झर्लंडमधील वो या कँटनचा इतिहास उद्बोधक आहे.

जिनीव्हा सरोवराच्या उत्तर तीरावर लाव्होचे पायऱ्यापायऱ्यांचे द्राक्षमळे सुमारे ३० किलोमीटर पसरलेले आहेत. त्यांच्या दगडी बांधांची परंपरा अकराव्या-बाराव्या शतकांतील मठवासीयांपर्यंत मागे जाते. विसाव्या शतकात तेथे इमारतींचे आक्रमण होऊ लागले, तेव्हा फ्रान्झ वेबर यांनी ‘लाव्हो वाचवा’ ही चळवळ उभारली. १९७७ साली व पुन्हा २००५ साली मतदारांनी तिच्या बाजूने कौल दिला. २००७ साली युनेस्कोने या भूप्रदेशास जागतिक वारशाचा दर्जा दिला. २०१४ साली मात्र अधिक कडक निर्बंधांची मागणी फेटाळून मतदारांनी सौम्य पर्याय स्वीकारला.

येथे ‘वाचवा’ या क्रियापदाचे कर्म कोणते, हे पाहणे अगत्याचे आहे. वाचवावयाचे होते ते दृश्य. मळ्यातील माती व पाणी यांविषयी या कौलांत काहीच सांगितलेले नव्हते. तो प्रश्न १३ जून २०२१ रोजी साऱ्या देशापुढे आला. कृत्रिम कीटकनाशकांवर बंदी घालण्याचा प्रस्ताव सुमारे ६१ टक्के मतांनी फेटाळला गेला. वो कँटनचे बहुमतही विरोधीच होते. त्याच दिवशी कर्बवायूविषयीचा कायदाही थोडक्या मतांनी नामंजूर झाला. पुढे त्याच वर्षीच्या ओल्या उन्हाळ्यात केवडा रोगाने द्राक्षपिकाची मोठी हानी केली, व फवारणीवाचून मळा राखणे किती कठीण आहे, याचा प्रत्यय आला.

यावरून लोक निसर्गाविषयी उदासीन होते, असे अनुमान काढणे युक्त होणार नाही. २०२३ साली त्याच देशाने सुमारे ५९ टक्के मतांनी हवामानविषयक कायदा मंजूर केला. फरक भाराच्या वाटणीत होता : २०२१ च्या कायद्यात इंधनावरील वाढीव आकाराची तरतूद होती, तर २०२३ च्या कायद्याने नवा कर न लादता सरकारी साहाय्य देऊ केले.

स्विस संशोधनसंस्था अ‍ॅग्रोस्कोप हिने २०१३ साली ‘दिविको’ हे केवडा व भुरी या रोगांना दाद न देणारे वाण प्रसृत केले. अशा वाणांमुळे फवारणी पुष्कळ घटते. परंतु लाव्होची ख्याती आहे ती शास्ला या जुन्या वाणावर. तेव्हा दृश्याबरोबर परिचित चवही राखावयाची, की मातीसाठी तिचा काही अंशी त्याग करावयाचा, हा प्रश्न अद्याप कोणत्याही मतपेटीपुढे आलेला नाही. आणि खरी निवड तेथेच आहे.