डोंगराची चाल

इटलीच्या उत्तर भागांत, आल्प्स पर्वताच्या एका अरुंद दरींत, १९६० च्या सुमारास वायोंत नदीवर २६० मीटरांहून अधिक उंचीचें धरण उभें राहिलें. जलाशय भरूं लागला आणि त्याच वर्षीं कांठच्या तोक डोंगरास सुमारें दोन किलोमीटर लांबीची भेग पडली. तेव्हां इंजिनियरांनीं उतारावर खुणा रोवून त्यांचें सरकणें मोजण्यास आरंभ केला. पाणी चढलें कीं डोंगराची चाल वाढे, उतरविलें कीं ती मंदावे. त्यामुळें पाण्याची पातळी हा आपल्या हातचा लगामच आहे, असा त्यांचा समज झाला. परंतु डोंगराच्या पोटांत चुनखडीच्या थरांमधून चिकणमातीचे पातळ पदर होते, हें मागाहून स्पष्ट झालें.

१९६३ च्या सप्टेंबरांत ही चाल पुन्हा वाढली. पाणी उतरवूं लागले, तरी ती आवरेना. अखेरीस दिवसास वीस सेंटिमीटरांवर गेली. तोकच्या उतारावरील रहिवाशांना घरें सोडण्यास सांगण्यांत आलें. धरणाखालील लोंगारोने गांवास मात्र कोणी हलविलें नाहीं. ९ ऑक्टोबरच्या रात्रीं सुमारें २७ कोटी घनमीटर दरड जलाशयांत कोसळली. धरण टिकलें, पण त्यावरून उसळलेल्या लाटेनें लोंगारोने धुऊन नेलें. सुमारें दोन हजार माणसें प्राणांस मुकलीं.

आंकडा वहींत उतरला म्हणजे मोजणी संपली, असें नव्हे. पायथ्याच्या घरीं तो वेळेवर पोंचला, तरच ती पुरी झाली.