घाण्याची पेंड आणि लीड्सचा साबण

घाण्यातून दोन वस्तू बाहेर पडतात : तेल आणि पेंड. शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून कोकणात आपल्या पूर्वजांस ‘शनिवार तेली’ हे नाव पडले, हे वाचकांस ठाऊकच आहे. परंतु या इतिहासात गोष्ट सांगितली जाते ती नेहमी तेलाचीच. पेंड जात असे दुभत्या जनावरांच्या आंबोणात. तिळाचे वा खोबऱ्याचे तेल निघाले तरी बियांतील प्रथिने चोथ्यातच राहतात. आणि पेंढ्यावर जगणाऱ्या गाईस दूध देण्यासाठी नेमकी तीच अपुरी पडतात.

लीड्सच्या इतिहासातही ही जोडी भेटते. येथील व्हाइटहॉल रोडवरील ‘जोसेफ वॉटसन अँड सन्स’ हा साबणाचा कारखाना ‘सोपी जो’ या नावाने सर्वतोमुखी होता. साबणास तेल हवे. त्या घराण्यातील जोसेफ वॉटसन (१९२२ मध्ये बॅरन मँटन) यांनी पहिल्या महायुद्धापूर्वी सेल्बी येथे, ऊझ नदीकाठी, ‘ऑलिंपिया’ तेलगिरणी उभी केली. कंपनीच्या नावातच तेलाबरोबर पेंडही होती. बैलाच्या जागी यंत्र आले, एवढाच काय तो फरक!

पेंडही सर्वस्वी निर्दोष नव्हे. १९६० मध्ये इंग्लंडात लाखाच्या आसपास टर्की पक्षी मेले, तेव्हा दोष ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीतील बुरशीचा निघाला. त्या विषास पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. पेंडीतून ते गाईच्या दुधातही उतरते.

पण खरा अनर्थ घडला तो मांस-हाडांच्या भुकटीने. तीत प्रथिने भरपूर, म्हणून ती इंग्लंडात गुरांच्या खुराकात मिसळली जात असे. गवत खाणाऱ्या प्राण्यास त्याच्याच जातीचे अवशेष चारावेत, हे आपल्या एखाद्या तेल्याच्या स्वप्नातही आले नसते. १९८६ मध्ये ‘बीएसई’ हा मेंदूचा रोग ओळखला गेला. बाधा बहुधा वासरपणीच होई आणि लक्षणे सुमारे पाच वर्षांनी दिसत. दूधधंद्यात वासरे आईपासून लवकर तोडून खुराकावर वाढवीत. म्हणून दुभत्या कळपांस याची झळ अधिक बसली. जुलै १९८८ मध्ये गुरांना ही भुकटी चारण्यास बंदी झाली. तरीही ब्रिटनमध्ये १,८०,००० हून अधिक गुरांत रोग निश्चित झाला. मार्च १९९६ मध्ये माणसांतील नव्या रोगाशी त्याचा संबंध असण्याची शक्यता सरकारने मान्य केली. त्या रोगाने ब्रिटनमध्ये १७८ माणसे दगावली.

त्यानंतर गोठ्याची भिस्त पुन्हा बियांवरच आली. दक्षिण अमेरिकेतील सोयाबीन महत्त्वाचे ठरले खरे, परंतु त्याच्या लागवडीपायी तेथील जंगले तुटतात. त्यास पर्याय लीड्सच्या वेशीबाहेरच पिकतो. मे महिन्यात यॉर्कशायरची शेते ज्या पिवळ्या फुलांनी भरतात, ते रेप म्हणजे आपल्या मोहरीचेच भावंड. त्याच्या पेंडीत सुमारे ३५ टक्के प्रथिने असतात. जुन्या वाणांची पेंड कडवट असल्याने गाई ती नाखुशीनेच खात. १९८० च्या दशकात कमी कडू वाण आले. अगदी कोवळ्या वासरास मात्र आजही दुधातील प्रथिनेच मानवतात. पोटातील पहिला कप्पा तयार होऊन ते रवंथ करू लागले, की मग पेंडीचे प्रमाण हळूहळू वाढवितात.