शैलजा, के. के.

(20 नोव्हेंबर 1956 – ). केरळच्या माजी आरोग्यमंत्री, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या नेत्या व मूळच्या विज्ञानशिक्षिका. केरळात आजही त्या ‘शैलजा टीचर’ म्हणूनच ओळखल्या जातात. विज्ञान शाखेची पदवी व बी.एड. झाल्यावर कण्णूर जिल्ह्यातील शिवपुरम हायस्कूलमध्ये त्यांनी अध्यापन केले. 1996 मध्ये त्या प्रथम विधानसभेवर निवडून आल्या. शाळेतून स्वेच्छानिवृत्ती मात्र 2004 मध्ये घेतली.

2016 मध्ये त्यांच्याकडे आरोग्य खाते आले. वैद्यकीय शिक्षण नसलेल्या मंत्र्याला हे खाते पेलेल का, या शंकेचे उत्तर मे 2018 मध्ये मिळाले. कोझिकोड परिसरातील अनाकलनीय तापाचे निदान पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने ‘निपाह’ असे केले. लस नाही, खात्रीचे औषध नाही. हाती होते ते संपर्कातील प्रत्येकाला शोधणे, वेगळे ठेवणे आणि घाबरलेल्या गावाला पुनःपुन्हा समजावून सांगणे. शैलजा स्वतः पेरांब्रा भागात गेल्या. 17 बळी घेऊन साथ आटोक्यात आली. मृतांत पेरांब्रा तालुका रुग्णालयातील परिचारिका लिनी पुतुश्शेरी होत्या.

या अनुभवामुळेच वुहानच्या बातम्या येताच, राज्यात रुग्ण सापडण्याआधी, नियंत्रण कक्ष उघडला गेला. 30 जानेवारी 2020 रोजी भारतातील पहिली कोविड रुग्ण त्रिशूरमध्ये आढळली. मे महिन्यात महाराष्ट्राने केरळकडे 50 डॉक्टर व 100 परिचारिका मागितल्या, यावरून तेव्हाचा केरळचा दबदबा कळतो. अर्थात हे श्रेय एकट्या मंत्र्याचे नव्हे. सक्षम प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि अधिकार असलेल्या पंचायती तिथे आधीपासून होत्या. 2017 च्या ‘आर्द्रम’ अभियानाने त्या केंद्रांना आणखी बळ दिले. शैलजा यांचे वेगळेपण होते ते शास्त्रीय माहिती साध्या भाषेत लोकांच्या गळी उतरवण्यात. ही हातोटी वर्गातलीच म्हणावी लागेल.

2021 मध्ये मट्टन्नूरमधून 60,963 मतांच्या विक्रमी आधिक्याने विजयी होऊनही त्यांना मंत्रिपद मिळाले नाही. पक्षाने मुख्यमंत्री पिनराई विजयन वगळता सर्वच मंत्री बदलले. 2022 मध्ये पक्षाच्या भूमिकेनुसार त्यांनी मॅगसेसे पुरस्कार नाकारला. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत वडकरा येथे त्यांचा पराभव झाला. साथीच्या सुरुवातीला पीपीई किट चढ्या दराने खरेदी झाल्याबद्दल महालेखापरीक्षकांनी 2025 मध्ये ताशेरे ओढले. टंचाईच्या त्या दिवसांत दुसरा मार्ग नव्हता, अशी त्यांची बाजू आहे.