सूर्यप्रकाशाची वांटणी

सूर्यप्रकाश हा निसर्गानें रावापासून रंकापर्यंत सर्वांस सारखाच वांटून दिला आहे, असें आपण सहज म्हणतों. पण इतिहास तपासूं गेल्यास ही वांटणी तितकीशी समान नव्हती, असें दिसून येतें. तिचा हिशेब लहान मुलांच्या वांकलेल्या हाडांत सांपडतो.

मुडदूस हा रोग जुनाच. फ्रान्सिस ग्लिसन या वैद्यकाच्या प्राध्यापकानें १६५० सालीं त्यावर लॅटिन ग्रंथ लिहिला, आणि पुढें युरोपांत तो ‘इंग्लिश रोग’ म्हणूनच ओळखला जाऊं लागला. हिवाळ्यांत त्या बेटावर सूर्य क्षितिजाच्या फार वर चढत नाहीं. त्यांत कोळशाच्या धुराची व अरुंद गल्ल्यांची भर पडली. शिवाय १६९६ पासून १८५१ पर्यंत तेथें खिडक्यांवर कर होता, आणि तो चुकविण्यासाठीं लोक खिडक्या विटांनीं बुजवून टाकीत.

पोलंडचे वैद्य येंद्झेय श्न्यादेत्स्की यांनीं १८२२ सालीं लिहून ठेविलें कीं, वॉर्सा शहरांतील मुलांत मुडदूस फार, भोंवतालच्या खेड्यांत विरळा. तेव्हां मुलांस उघड्या हवेंत, उन्हांत न्यावें. थिओबाल्ड पाम हे मिशनरी डॉक्टर सुमारें दहा वर्षें जपानांत राहून इंग्लंडला परतले, तेव्हां घरचा मुडदूस पाहून चकित झाले. त्यांनीं चीन, हिंदुस्थान आदि देशांतील डॉक्टरांस पत्रें लिहून माहिती जमविली, आणि १८९० सालीं असा निष्कर्ष मांडला कीं, अन्न निकृष्ट असलें तरी जेथें ऊन भरपूर, तेथें मुडदूस नाहीं. फुकटच्या औषधावर विद्वानांचा विश्वास लवकर बसत नाहीं, हें येथेंही खरें ठरलें.

पहिल्या महायुद्धानंतर मात्र पुरावा हातीं आला. १९१९ सालीं बर्लिन येथें कुर्त हुल्डशिन्स्की यांनीं पाऱ्याच्या दिव्याच्या अतिनील किरणांनीं मुडदूस बरा केला. एकाच हातावर किरण पाडले असतां दोन्ही हातांचीं हाडें सुधारलीं; अर्थात् त्वचेंत उत्पन्न होणारें कांहीं द्रव्य रक्तावाटें सर्वत्र पोंचतें, हें उघड झालें. तेंच आपलें ‘ड’ जीवनसत्त्व. १९२१ सालीं न्यूयॉर्कमध्यें हेस व उंगर यांनीं नुसत्या उन्हानें सात मुलें बरीं केलीं. त्याच सुमारास व्हिएन्ना येथें हॅरिएट चिक यांनीं दाखविलें कीं, कॉड माशाचें तेल अथवा ऊन, दोहोंपैकीं एक मिळालें तरी मूल सुधारतें. ज्यांस तेल मिळत नसे त्यांच्यांत हिवाळा येतांच रोग नव्यानें डोकें वर काढी.

हें सारें धुक्याच्या देशांचें दुःख, आमच्याकडे त्याचें काय, असें वाचकांस वाटेल. याचें उत्तर नाशिकहून आलें आहे. हचिसन व शाह या डॉक्टरांनीं नाशिक येथील आपलीं निरीक्षणें १९२२ सालीं प्रसिद्ध केलीं. अपुऱ्या अन्नावर पण उघड्यावर वाढणारीं गरिबांचीं मुलें या रोगापासून बहुधा मुक्त होतीं. उलट पडदा पाळणाऱ्या सुखवस्तु घरांतील, आईबरोबर सदा घरांतच राहणारीं मुलें त्यास बळी पडत. गोदाकांठीं ऊन ओसंडत असतां उन्हाचा दुष्काळ पडला तो घराच्या आंत, आणि तो रूढीनें पाडला.

तो पडदा आज पुष्कळसा सरला. त्याची जागा दुसऱ्या, चकाकत्या पडद्यानें घेतली आहे. मुलें शाळेच्या बसमधून वर्गांत व वर्गांतून त्या पडद्यासमोर जातात. भारतीय शहरांतील अनेक पाहण्यांत ‘ड’ जीवनसत्त्वाची उणीव सर्रास आढळली आहे. खिडकीशीं बसून भागत नाहीं. कांचेंतून ऊब येते, पण हाडांस उपयोगी पडणारे किरण कांच अडवून धरते. लंडनच्या अक्षांशावर ऑक्टोबर ते मार्च सूर्य इतका तिरपा असतो कीं, ते किरण वाटेंत वातावरणांतच बहुतेक गळून जातात. म्हणून तेथील सरकार त्या महिन्यांत जीवनसत्त्वाची गोळी सुचवितें. आमच्याकडे पौष-माघांतही मध्यान्हाच्या सुमाराचें ऊन ते घेऊन येतें. सांवळ्या कातडीस तें जरा अधिक वेळ लागतें. मात्र अंग भाजेपर्यंत बसण्याचें कारण नाहीं. रोग जडला असल्यास अर्थातच वैद्याकडे जावें.

आम्हांस वाटतें, हा प्रश्न औषधाच्या दुकानाआधीं घर बांधणाऱ्यांच्या व शाळा चालविणाऱ्यांच्या पुढें ठेवावयास हवा. इमारतीच्या नकाशांत मोटारींस जागा मिळते, तशी मुलांसाठीं व घरांतील स्त्रियांसाठीं उन्हाचें अंगण मिळालें पाहिजे. आणि शाळेची मधली सुट्टी मैदानांत गेली पाहिजे.