आक्का, बर्कली आणि तुंबलेले नेट

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. निमित्त घरगुती आहे, पण त्याचे कारण शोधता शोधता थेट १९८३ सालापर्यंत जाऊन आलो, म्हणून इथे नोंदवून ठेवतो.

दर रविवारी सकाळी बेळगावच्या आक्काशी माझा व्हिडिओ कॉल असतो. आक्का ८४ वर्षांची. जुने घर विकण्यावरून आमच्यात चार-पाच वर्षे अबोला होता, हे नातेवाइकांना ठाऊक आहेच. बाकीच्यांनी तपशील विचारू नयेत! तो अबोला सुटून वर्ष झाले. तर गेल्या दिवाळीआधी मी तिला विचारले, "आक्का, भाऊबीजेला येऊ का गं?" पडद्यावर आक्का नुसती बघत राहिली. दोन-तीन सेकंद गेले. मला वाटले, हिला नको आहे. म्हटले, "बरं, राहू दे." आणि तेवढ्यात तिकडून आवाज आला, "अरे, ये की!" म्हणजे माझा प्रश्न तिला उशिरा पोचला होता. आणि माझे "राहू दे" त्याहून उशिरा पोचले, ते तिला तिच्या "ये की"चे उत्तर म्हणून ऐकू गेले. तिचा चेहरा पडला तो मी पाहिला. मग कॉलच तुटला.

नेटवाल्याचा मुलगा आला. त्याने मोबाईलवर चाचणी लावली आणि म्हणाला, "काका, स्पीड बरोबर आहे, चाळीस दाखवतंय." त्याचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्या इमारतीत अजून जुनी केबल आहे. उतरवायचा वेग चाळीस, चढवायचा जेमतेम दोन. पण वेग बरोबर, मग आक्काचे काय?

नातीने फोनवरून सांगितले, "आजोबा, काळ्या खिडकीत पिंग लिहा आणि आकडे बघा." पिंग म्हणजे दूरच्या यंत्राला हाक मारायची आणि 'ओ' यायला किती वेळ लागला ते मोजायचे. नेहमी वीस-पंचवीस मिलिसेकंद. मग मला आठवले, त्या रविवारी आईच्या जुन्या पत्रांची स्कॅन केलेली पाने मी तुम्हा सगळ्यांसाठी चढवत होतो. ते काम पुन्हा सुरू केले आणि पिंग पाहिले. दोन हजार! म्हणजे दोन सेकंद. आईच्या पत्रांमागे माझेच बोलणे रांगेत उभे होते.

आता इतिहासाचा मास्तर गप्प कसा बसेल?

हे पिंग माईक मूस नावाच्या गृहस्थांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिले. ते अमेरिकन लष्कराच्या मेरीलँडमधल्या प्रयोगशाळेत होते. जाळे नीट चालेना, म्हणून एका रात्रीत हा छोटासा प्रोग्रॅम केला. पाणबुडीच्या सोनार यंत्राच्या आवाजावरून त्याला नाव दिले. २००० साली मोटार अपघातात ते गेले. आज आपण जे टाईप करतो ते त्यांचेच.

पण माझ्या दुखण्याचे मूळ बर्कलीत सापडले. ऑक्टोबर १९८६. लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचे कॅलिफोर्निया विद्यापीठ यांच्यात अंतर ४०० यार्ड. त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच इंग्रजी अक्षरे. टाईप केलेले पान हातात घेऊन शिपाई चालत गेला असता तर आधी पोचला असता. तार तुटली नव्हती, यंत्रे बंद नव्हती. मग झाले काय? वाटेत गर्दी झाली की पोच यायला उशीर होई. पाठवणाऱ्या यंत्राला वाटे माल हरवला, ते तोच माल पुन्हा पाठवी. गर्दी आणखी वाढे. माझे "राहू दे" याच जातीचे. उत्तराची वाट न बघता दुसरा निरोप!

प्रयोगशाळेतले व्हॅन जेकबसन आणि विद्यापीठातले मायकेल कॅरल्स यांनी यावर उपाय काढला. त्यांचा १९८८ चा निबंध प्रसिद्ध आहे. गणित मला झेपले नाही (विज्ञान अकरावी मॅट्रिकला सुटले ते सुटलेच), पण युक्ती कळली. सुरुवात जपून करायची. पोच येईल तसा वेग वाढवायचा. माल हरवला की गर्दी आहे असे समजून निम्म्यावर यायचे. वर कोणी हवालदार नाही, प्रत्येक यंत्राने आपणहून आवरते घ्यायचे. गेल्या चाळीसेक वर्षांत जाळे पुन्हा तसे कोसळले नाही ते बरेचसे यामुळे.

यात एक मेख होती. गर्दी झाल्यावर थोडा माल हरवला तरच पाठवणाऱ्याला कळणार. पुढे मेमरी स्वस्त झाली आणि मोडेम-राउटर बनवणाऱ्यांनी आत मोठमोठी कोठारे ठेवली, का तर काही हरवू नये. हेतू चांगलाच. पण रेशनच्या दुकानदाराने कोणालाच परत न पाठवता रांग नुसती गल्लीभर वाढू द्यावी, तसे झाले. कोणी थांबत नाही, आणि शेवटच्याचा नंबर लागत नाही.

हे उघडकीला आले तेही एका घरातच. २०१० साली जिम गेटिस हे संगणकतज्ज्ञ घरून एमआयटीकडे जुन्या फायलींचा गठ्ठा पाठवत होते. घरातली मुले नेट हळू आहे म्हणून तक्रार करीत. त्यांनी मोजले तर उशीर सेकंदाच्या वर! मला हे वाचून इतके बरे वाटले... जुने कागद चढवणारा आणखी एक माणूस! या दुखण्याला त्यांनी 'बफरब्लोट' असे नाव दिले, म्हणजे कोठार फुगणे. उपाय शोधणाऱ्यांत २०१२ साली कॅथलीन निकल्स यांच्याबरोबर पुन्हा जेकबसनच होते. माल रांगेत किती वेळ ताटकळला ते बघायचे, आणि ताटकळणे सुरूच राहिले तर थोडा मुद्दाम टाकून द्यायचा. पुढे डेव्ह टाट आणि इतरांनी हे घरगुती राउटरपर्यंत आणले. टाट २०२५ मध्ये वारले.

आमच्या राउटरमध्ये ही सोय नव्हती. नातीने दुसरा पाठवला, त्यात चढवायचा वेग दोनऐवजी पावणेदोन बसवला, म्हणजे रांग मोडेमच्या कोठारात न लागता राउटरच्या नजरेखाली लागते. नेटवाल्याच्या मुलाला सांगितले तर म्हणाला, "काका, पैसे दोनचे भरता आणि कमी का करून घेता?" त्याला बर्कली सांगायला बसलो, पण त्याला दुसरा कॉल होता.

त्यानंतरच्या रविवारी पत्रे चढत होती आणि पिंग चाळीसच्या आत होते. आक्काला पुन्हा विचारले, "येऊ ना गं भाऊबीजेला?"

"मागल्या रविवारी नको म्हणालास ते?"

मी रांग, कोठार सगळे समजावून सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "ते असू दे. येताना आईची पत्रं खरी घेऊन ये, पडद्यावर मला दिसत नाहीत."